तहानेलीचं पाणी

ही गोष्ट खरी आहे. जिच्या बाबतीत घडली त्या देल्फिनाने स्वतः सांगितली, आणि सांगताना तिने एकदाही आवाज चढवला नाही.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच घडतात, असं सगळे धरून चालतात. ही घडली भर दुपारी. टळटळीत उन्हात. आन्देसच्या पायथ्याचा अख्खा सान हुआन मुलूख जेवून, खिडक्या लावून झोपतो, त्या वेळी.

सप्टेंबर महिना होता, म्हणजे तिकडचा वसंत. द्राक्षाच्या वेलींना नुकते डोळे फुटले होते.

आणि त्या दिवशी सोंदा सुटला होता.

सोंदा म्हणजे आन्देसच्या डोंगरांवरून खाली उतरणारा गरम, कोरडा वारा. तो सुटला की ओठ फुटतात, डोकी ठणकतात, नवरा-बायको कारण नसताना भांडतात. कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत.

देल्फिनाचा नवरा रोसेन्दो बुचं विकायचा. वाइनच्या बाटल्यांची बुचं. मेंदोसाहून निघायचं आणि वाटेतल्या लहान लहान वायनऱ्या घेत पार चिलेसितोपर्यंत जायचं, हा त्याचा नेहमीचा फेरा. या खेपेला गाडीत घरची माणसंही होती. पुढे त्याची आई, दोन्या कासिल्दा, म्हणजे कासिल्दाबाई. मागे देल्फिना आणि चार महिन्यांची आम्पारो. नातीचा बाप्तिस्मा आपल्या माहेरच्या चर्चमध्येच करायचा, असा दोन्या कासिल्दांचा नवस होता.

प्रवास तसा मजेत चालला होता. प्रत्येक वायनरीत कुणी ना कुणी बाळाच्या नावाने एखादी बाटली गाडीत टाकायचं. डिकी भरत आली होती.

"बाप्तिस्म्याला पाणी नको, हीच ओता पोरीच्या डोक्यावर," रोसेन्दो म्हणाला.

"तुझ्या डोक्यावर ओतली होती वाटतं कुणीतरी," दोन्या कासिल्दा म्हणाल्या. "म्हणून हा असा निपजला."

देल्फिना हसली. त्या दिवशीचं तिचं ते शेवटचं हसू.

हाचाल गाव मागे पडलं. मग मळे संपले. मग घरं संपली. उरलं नुसतं माळरान, काटेरी झुडपं आणि सरळ रस्ता.

आणि गाडीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली.

रोसेन्दोने गाडी कडेला घेतली. इंजिन जरा निवेपर्यंत थांबला. प्यायच्या पाण्याचा कॅन रेडिएटरमध्ये रिकामा केला. पुरला नाही. मग येर्बाचा कडू चहा करायला आणलेला गरम पाण्याचा थर्मासही ओतला.

"माझी येर्बासुद्धा पाजलीस त्या डबड्याला!" दोन्या कासिल्दा ओरडल्या. "आता वाइन ओत. गाडी तुझीच आहे, नाही म्हणायची नाही."

पण त्यांच्या आवाजात आता गंमत नव्हती.

रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. वारा झुडपांमधून शीळ घालत होता. आम्पारोचा चेहरा लालबुंद झाला होता. देल्फिनाने तिच्या कपाळाला ओठ लावले. तापलेलं होतं.

तेवढ्यात रोसेन्दोला रस्त्यापलीकडे ती देवळी दिसली.

विटांची, कमरेएवढी. आत प्लास्टरची एका बाईची मूर्ती. रंग उडालेला. भोवती विटक्या फिती बांधलेल्या. आणि बाटल्या... शेकडो बाटल्या. काचेच्या, प्लास्टिकच्या. सगळ्या पाण्याने भरलेल्या.

त्या भागात तिला सगळे तहानेली म्हणतात. या माळावर पाण्यावाचून मेलेली बाई. येणारे-जाणारे तिच्यासाठी पाणी ठेवून जातात. ठेवतात. नेत कुणी नाही.

"हात लावू नकोस," दोन्या कासिल्दा म्हणाल्या. त्यांनी छातीवर क्रूस काढला होता.

"आई, मेलेल्या बाईला लागून लागून किती तहान लागणार?"

"रोसेन्दो, तिच्या तोंडचं पाणी आहे ते."

"परतताना दुप्पट आणून ठेवतो. मग तर झालं?"

तो रस्त्याच्या मध्यावर थांबला. त्याने देल्फिनाकडे पाहिलं. त्यालाही मनातून भीती वाटत होतीच. कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.

"घे," देल्फिना म्हणाली. "पोर भाजतेय इथे."

त्याने हातांत मावतील तेवढ्या बाटल्या आणल्या. रेडिएटर भरला. एक बाटली वाटेसाठी म्हणून ठेवली. आणि एक देल्फिनाने त्याच्या हातातून ओढून घेतली. अंगावर पाजणारी बाई ती. सकाळपासून घशाला कोरड पडली होती.

ती बाटली कितीतरी दिवस उन्हात पडलेली होती. काच हाताला चटका देत होती.

पण पाणी...

पाणी गार होतं. विहिरीतून आत्ताच शेंदल्यासारखं गार.

देल्फिनाने ती बाटली एका दमात संपवली.

गाडी सुरू झाली. दोन्या कासिल्दांनी आम्पारोला पुढे आपल्या मांडीवर घेतलं होतं, देल्फिनाला जरा डोळा लागावा म्हणून. देल्फिनाने डोकं मागे टेकलं.

आणि तिला आवाज आला.

चुप... चुप... चुप...

बाळ दूध ओढताना होतो, तोच आवाज.

तिने डोळे मिटूनच विचारलं, "उठली का हो?"

"कोण?"

"आम्पारो. अंगठा चोखतेय ना?"

"गाढ झोपलीय," दोन्या कासिल्दा म्हणाल्या.

देल्फिनाने डोळे उघडले. आम्पारोचं तोंड मिटलेलं होतं. हात आजीच्या शालीत होते.

आवाज येतच होता...

पुढून नाही. अगदी जवळून.

मग तिला पान्हा फुटला. छातीत तो ओळखीचा ताण आला, आणि लगेच ओढ. लहानशी, हावरी ओढ. कुणीतरी दूध ओढत होतं.

तिने झटकन ब्लाउजवर हात दाबला. कापड कोरडं होतं. एक थेंबही सांडलेला नव्हता.

दूध मात्र जात होतं...

तिला किंचाळायचं होतं. पण काय म्हणून किंचाळणार? नवरा म्हणाला असता, वाऱ्याने डोकं फिरलंय. ती खिडकीला अंग चिकटवून बसून राहिली. बऱ्याच वेळाने ओढ थांबली.

थोड्याच वेळात आम्पारो उठली. भुकेने रडायला लागली. देल्फिनाने तिला मागे घेतलं, अंगाशी लावलं.

आम्पारोने ओढलं. सोडलं. पुन्हा ओढलं. आणि टाहो फोडला.

दुसऱ्या बाजूला लावलं. तेच.

"दूध नाहीये," देल्फिना म्हणाली.

"असं कसं नाही? सकाळी तर वाहत होतं," दोन्या कासिल्दा म्हणाल्या.

"नाहीये म्हणतेय ना!"

"बरं, बरं. चमच्याने पाणी पाज तोवर. ती बाटली कुठाय, वाटेसाठी ठेवलेली?"

बाटली सीटखालीच होती. झाकण घट्ट. रोसेन्दोने स्वतः फिरवून लावलेलं.

आत काहीच नव्हतं... ओलसुद्धा नाही.

रोसेन्दोने गाडी थांबवली. झाकण पाहिलं. बाटली उलटी केली, दाबून पाहिली. कुठे चीर नाही. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तो उतरून डिकीकडे गेला.

तो बराच वेळ आलाच नाही.

देल्फिना रडत्या पोरीला घेऊन मागे गेली. तो डिकीसमोर उभा होता. एक बाटली हातात धरून उजेडात पाहत होता. वाइनची बाटली. बुचावरचं मेण जसंच्या तसं. बूच जागच्या जागी.

बाटली रिकामी होती.

"दुसरी बघ," ती म्हणाली.

"सगळ्या पाहिल्या."

उभ्या आयुष्यात त्याने बुचंच हाताळली होती. हे बूच कुणी काढलेलं नाही, एवढं त्याला नजरेनेच कळत होतं. त्याने डिकी लावली. तो म्हणाला, "हडकुळे, गाडीत बस."

एरवी तो तिला लाडाने हडकुळे म्हणायचा. त्या दिवशी त्या शब्दात लाड नव्हता.

पुढच्या वळणाच्या पलीकडे फेर्मिन नावाच्या गिऱ्हाइकाचा मळा होता. माळरानात तेवढाच हिरवा तुकडा. फेर्मिन पाटाला पाणी सोडायला वर गेला होता. दार उघडलं त्याच्या बायकोने, निएवेसने. झोपमोड झाल्यामुळे ती आधी वैतागलीच.

"काय रे बूचवाल्या, ही काय यायची वेळ? मेलेलेसुद्धा झोपलेत या वेळी."

मग तिने आम्पारोला पाहिलं आणि दार सताड उघडलं.

आम्पारो आता रडत नव्हती. त्याचंच देल्फिनाला जास्त भय वाटत होतं. दुपटं सकाळपासून कोरडं होतं. रडताना डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. टाळू खाली गेली होती.

निएवेसने माठातलं पाणी चमच्यात घेतलं. चमचा बाळाच्या ओठांकडे नेला.

चमचा रिकामा होता.

तिने पुन्हा भरला. थेंबही सांडू दिला नाही. सगळे बघत होते. चमचा ओठांपर्यंत येता येता...

चुप...

रिकामा.

निएवेसने चमचा खाली ठेवला. देल्फिनाच्या ओठांकडे पाहिलं. ते फुटून रक्त आलं होतं.

"वाटेत कुठलं पाणी प्यायलात?"

रोसेन्दो बाहेर गाडीकडे बघत राहिला. शेवटी दोन्या कासिल्दा म्हणाल्या, "मी सांगत होते यांना."

"गाडीत ओतलं," रोसेन्दो म्हणाला. "भरून देणारच होतो."

"गाडीत ओतलेलं भरून देता येतं. प्यायलं कोण?"

"मी," देल्फिना म्हणाली.

निएवेस खुर्चीत बसली. "माझी आजी सांगायची. तहानेली सापडली तेव्हा तिच्या पाठीवर झोळी होती. बाळाला बांधायची झोळी, गाठ मारलेली. बाळ नव्हतं. लोकांनी सगळा माळ पालथा घातला. बाळ काही सापडलं नाही." तिने समोरचा चमचा उलटा करून ठेवला. "सगळे तिच्यासाठी पाणी ठेवतात. बाळाला कोण काय देणार? एवढंसं पोर पाणी पितं का?"

देल्फिनाचा हात आपोआप छातीवर गेला.

"बास झालं!" रोसेन्दो ओरडला. "पोरीला दवाखान्यात न्यायचंय. हाचालला. चला, उठा."

"जा," निएवेस म्हणाली. "पण रस्ता तोच आहे."

निघताना तिने पाटाच्या पाण्याचा मोठा कॅन भरून गाडीत ठेवला. देल्फिनाने पाट ओलांडला तेव्हा पाणी वाहत होतं, तरी त्याचा आवाज येत नव्हता. हे तिलाच जाणवलं की सगळ्यांना, ते तिने कधी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर रोसेन्दोने गाडी जीव खाऊन पळवली. देल्फिनाने एका हाताने आम्पारोला धरलं होतं, दुसरा हात कॅनच्या झाकणावर दाबून ठेवला होता. झाकणाखाली बारीक हिसके बसत होते. कॅनमधलं पाणी उतरताना दिसत होतं. आधी गळ्यापर्यंत. मग अर्ध्यावर. मग तळाशी...

आम्पारोचे डोळे अर्धवट मिटले होते.

लांबून देवळी दिसली.

"थांबव," दोन्या कासिल्दा म्हणाल्या.

"आधी दवाखाना!"

"थांबव म्हणतेय ना मी, रोसेन्दो!"

"आई, पोर मरेल!"

"थांब," देल्फिना म्हणाली. अगदी हळू. "मीच प्यायले होते. मला उतरू दे."

गाडी थांबली. देल्फिनाने आम्पारोला छातीशी धरलं आणि रस्ता ओलांडला. कॅनमध्ये उरलेलं पाणी दोन्या कासिल्दांनी मघा रिकाम्या केलेल्या एका बाटलीत ओतून मूर्तीपुढे ठेवलं. बूडही भिजलं नाही धड. वारा मातीचे लोट आणत होता. मूर्तीचा चेहरा झिजून सपाट झाला होता. डोळे कुठे, तोंड कुठे, कळत नव्हतं.

काहीच झालं नाही.

दोन्या कासिल्दा गुडघे टेकून पुटपुटत होत्या. रोसेन्दो गाडीपाशी उभा राहून हॉर्न वाजवत होता. आम्पारोचा श्वास देल्फिनाला ऐकू येईनासा झाला होता.

मग ती ओढ पुन्हा लागली.

उजव्या बाजूला. लहान, हावरी ओढ...

या वेळी देल्फिनाने हात दाबला नाही. ती देवळीला पाठ टेकून मातीत बसली. डाव्या हातावर आम्पारोला घेतलं. ब्लाउज मोकळा केला.

आणि उजवा हात कोपरात वाकवून तिने रिकाम्या मांडीवर ठेवला.

"ये," ती म्हणाली. "दोघं प्या."

हातावर वजन आलं.

फार नाही. चार महिन्यांच्या बाळापेक्षा कमी. दुपट्यात गुंडाळलेल्या बोराटीच्या काटक्यांएवढं. गळ्यापाशी काहीतरी गार टेकलं. मग पाच बोटं. इवलीशी. त्यांनी तिच्या गळ्यातली साखळी घट्ट धरली...

दोन्या कासिल्दांनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांना काय दिसलं, ते त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

देल्फिनाने खाली पाहिलं नाही. ती समोरच्या माळाकडे बघत राहिली. घरी रोज म्हणायची ते अंगाईचं गाणं तिला आठवेना. म्हणून नुसतंच हुंकारत राहिली.

पान्हा फुटला. दोन्ही बाजूंना एकदम.

आम्पारोचे ओठ हलले. तिने एकदा ओढलं. थांबली. पुन्हा ओढलं. मग घुटक्यांचा आवाज यायला लागला.

दोन घुटक्यांचे आवाज. एक इकडून, एक तिकडून.

देल्फिना कितीतरी वेळ तशी बसून होती. सोंदा केव्हा पडला, तिला कळलं नाही. झुडपं हलायची थांबली होती. रोसेन्दोचा हॉर्न थांबला होता. तो रस्त्याच्या मध्यावर येऊन उभा होता आणि त्याला पाऊल पुढे टाकवत नव्हतं.

हाचालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्पारोला सलाइन लावलं. अंगातलं पाणी कमी झालंय म्हणाल्या, अशा वाऱ्यात लहान मुलांना होतं असं. वेळेत आणलंत. देल्फिनाला त्यांनी विचारलं, "गळ्याला काय लागलंय?" साखळी रुतून तिथे लाल वळ उठला होता.

"पोरीने ओढली," देल्फिना म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आम्पारोच्या मुठीकडे पाहिलं. त्या मुठीत तेव्हा खुळखुळा धरण्याइतकंही बळ उरलेलं नव्हतं. मग त्या सलाइनची बाटली बघायला वळल्या.

बाप्तिस्मा पुढे मेंदोसातच झाला. रोसेन्दोने तो रस्ता सोडला नाही, धंदाच तिकडे होता. प्रत्येक फेऱ्याला तो भरलेल्या बाटल्या नेऊन ठेवायचा. घरी आल्यावर मात्र त्या दिवसाचा विषय निघाला की उठून अंगणात जायचा.

इथपर्यंत ऐकून कुणीही म्हणेल, सुटलात एकदाचे.

देल्फिनालाही तसंच वाटलं होतं.

आम्पारो वाढली. हसरी, धडधाकट पोर. सगळं वेळच्या वेळी झालं. चालणं, बोलणं, दात. फक्त एक गोष्ट देल्फिनाच्या लक्षात यायला उशीर झाला.

आम्पारो पाणी मागत नव्हती.

कधीच नाही. उन्हात खेळून आली तरी नाही. तापात नाही. पेला पुढे केला तर एखादा घोट घ्यायची, आईचं मन राखायला. डॉक्टरांना दाखवलं. सगळं व्यवस्थित आहे, म्हणाले.

ती चौथ्या वर्षात होती तेव्हाची गोष्ट. पुन्हा सप्टेंबर. दुपारची वेळ, घर झोपलेलं. देल्फिना तिच्या खोलीत डोकावली.

आम्पारो पलंगावर बसली होती. ओठ ओले होते. हनुवटीवरून पाणी टपकत होतं. झग्याचा गळा भिजला होता.

खोलीत पेला नव्हता. तांब्या नव्हता. दार देल्फिनानेच बाहेरून लावलेलं होतं.

"आम्पारो... पाणी कुणी दिलं तुला?"

"बाईने."

"कुठल्या बाईने?"

"ती रोजची." आम्पारोने बाहीने तोंड पुसलं. "ती खूप चालून येते. आज ती मला विचारत होती."

"काय विचारत होती?"

"माझं बाळ कुठंय, म्हणून."

देल्फिना पलंगाच्या कडेवर बसली.

"मग तू काय सांगितलंस, राणी?"

आम्पारोने आईकडे पाहिलं. मग आईच्या मांडीकडे पाहिलं. उजव्या बाजूला. आणि कुणाला तरी बघून हसावं तशी हसली.

"सांगितलं ना. आईकडे आहे."

आम्पारो आता मोठी झाली आहे, शिकायला परगावी असते. तिला यातलं काही आठवत नाही.

देल्फिना दुपारी आडवी होत नाही. सगळं घर झोपतं, ती खुर्चीत बसून असते. उजवा हात कोपरात वाकवून.

तो हात तिला सरळ करवत नाही. सरळ केला तर खाली काहीतरी पडेल, असं तिला वाटतं.